कलादालन दुरुस्तीसाठी बंद होण्यापूर्वी प्रकाशकलेचे प्रदर्शन: आई आणि भाच्याला घेऊन जावे का?

खानापूरची चित्रकला शिक्षिका (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत चित्रकला शिकवते. बेंगळूरमधील एक जुने कलादालन मोठ्या दुरुस्तीसाठी या महिन्याच्या अखेरीस बंद होत आहे आणि बंद होण्यापूर्वीचे त्याचे शेवटचे प्रदर्शन प्रकाशकलेचे आहे. भिंतींवर एकही चित्र नाही. काळोख्या केलेल्या चार दालनांत दिवे, प्रोजेक्टर आणि कृत्रिम धुके आहे, आणि आत शिरणारा माणूस जसा चालतो, थांबतो किंवा हात लावतो तसा प्रकाश बदलतो, एवढे माहितीपत्रकावरून समजले. असे काही पाहण्याचा योग मला आजवर आलेला नाही. बेळगावात वरेरकर नाट्य संघाच्या के. बी. कुलकर्णी कलादालनात पाहिलेली निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे एवढाच माझा पाहण्याचा अभ्यास. मुलांना रंगचक्र शिकवताना प्रकाशाच्या मूळ रंगांविषयीच्या चार ओळी मी वाचून दाखवते आणि पुढे जाते, कारण ते रंग एकमेकांत मिसळताना मी स्वतः डोळ्यांनी कधी पाहिलेले नाहीत.

जायची इच्छा पक्की आहे, पण अडचणी तीन आहेत. सोबत माझी आई असेल. तिचे वय ७१, एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि दुसऱ्याची व्हायची आहे. दुसरा माझा ११ वर्षांचा भाचा, निपाणीला असतो. तो सहा वर्षांचा असताना त्याला दोनदा फिट आली होती. आता औषध बंद होऊन दोन वर्षे झाली आहेत. त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, 'तू चित्रकलेची बाई, तुला सगळे समजते' असे म्हणून निर्णय माझ्यावर सोपवून मोकळी झाली आहे. तिसरी अडचण दिवसाची. शाळेमुळे मला सोयीचा पडतो तो प्रदर्शनाचा शेवटचा रविवार. तो न जमल्यास दालन पुन्हा उघडेपर्यंत थांबावे, तेव्हा ते हेच प्रदर्शन पुन्हा लावतील, असे एका सहकाऱ्याने सुचवले. ते खरे मानावे का?

आणखी एक शंका विचारायला थोडा संकोच वाटतो. तिथले फलक कन्नड आणि इंग्रजीत आहेत. आई बाजारापुरते कन्नड उत्तम बोलते, पण दोन्ही लिपी तिला वाचता येत नाहीत. प्रत्येक दालनात मी तिला वाचून दाखवत बसले, तर इतरांना त्रास होईल का? कोणी जाऊन आले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

बेंगळूरवासी बेळगावकर

बाई, मी मूळचा अनगोळचा. गेली १८ वर्षे बेंगळूरमध्ये वास्तुरचनेच्या एका कार्यालयात काम करतो. हे प्रदर्शन मी दोनदा पाहिले, एकदा रविवारी दुपारी आणि एकदा बुधवारी सकाळी दार उघडताच, आणि दोन वेगळी प्रदर्शने पाहिली असे म्हटले तरी चालेल. म्हणून आधी दिवसाविषयी लिहितो.

शेवटच्या रविवारी जाऊ नका. भिंतीवरच्या चित्रासमोर चाळीस माणसे उभी राहिली, तरी चित्र तेच राहते, फक्त आपल्याला डोकी चुकवत पाहावे लागते. इथे मात्र चाळीस माणसे शिरली की कलाकृतीच बदलते, कारण तिला चाळीस जणांना एकाच वेळी उत्तर द्यावे लागते. पहिल्या दालनात जमिनीवर प्रकाशाची पाण्यासारखी तरंगती जाळी आहे आणि आपण पाऊल टाकले की तिथून वर्तुळ उठते. बुधवारी माझे एकट्याचे वर्तुळ समोरच्या भिंतीपर्यंत गेले, भिंतीवर चढले आणि छताजवळ विरले. रविवारी त्याच खोलीत नुसता पांढरा गोंधळ होता. कोणाचे पाऊल कोणते, हे कोणालाच कळत नव्हते आणि मुले जागच्या जागी उड्या मारून यंत्र बिघडले का ते पाहत होती.

दुसऱ्या दालनात छतापासून ओळीने बल्ब टांगलेले आहेत. एका खांबावरची धातूची मूठ दोन्ही हातांनी धरली की आपली नाडी मोजली जाते आणि जवळचा बल्ब त्या ठोक्याने उघडझाप करू लागतो; हात सोडला की क्षणभर सगळी खोली विझते आणि आपला ठोका पुढच्या बल्बवर सरकतो. राफाएल लोझानो-हेमर यांनी २००६ मध्ये मेक्सिकोत प्रथम मांडलेल्या 'पल्स रूम' या कलाकृतीच्या घराण्यातील हे काम आहे. मूळ कामात शंभर ते तीनशे बल्ब असतात. आपल्यानंतर जितकी माणसे मूठ धरतील तितकी घरे आपला ठोका पुढे जातो आणि अखेरीस रांगेबाहेर पडतो. गर्दीच्या दिवशी तो किती लवकर पडतो, हे वेगळे सांगायला नको. मी तर मूठ धरण्यासाठीच अर्धा तास रांगेत होतो.

तिसरे दालन नुसते पिवळे आहे, आणि मला सर्वांत अधिक आवडले ते हेच. तिथे एकाच रंगलहरीचे सोडियम दिवे लावले आहेत. त्या प्रकाशात लाल, हिरवा, निळा हे भेद उरतच नाहीत. अंगावरचे कपडे, हातातली पिशवी, समोरच्याचे ओठ, सगळे पिवळ्या आणि काळ्या छटांत दिसते. ओलाफुर एलियासन यांनी २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात अशाच सुमारे दोनशे दिव्यांचा अर्धगोल, धुके आणि छताला आरसे यांच्या साहाय्याने एक प्रचंड सूर्य उभा केला होता. लोक जमिनीवर उताणे पडून छतातल्या आरशात स्वतःला शोधत असत. इथली खोली लहान आहे, आरसे नाहीत, पण रंगीत खडूंची एक पेटी बरोबर न्या. लाल खडू कोणता आणि हिरवा कोणता हे चित्रकला शिक्षिकेलाही ओळखता येणार नाही. चौथ्या, रंगीत सावल्यांच्या दालनाविषयी मुद्दाम काही लिहीत नाही. ते तुमच्या विषयाचे आहे आणि तुम्ही स्वतःच पाहावे.

आता थांबण्याविषयी. कृपया थांबू नका. दुरुस्तीची मुदत आणि दुरुस्ती यांची गाठ क्वचितच पडते, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमची मुख्य इमारत २००३ मध्ये बंद झाली. काम पाच वर्षांचे ठरले होते, पण ती उघडली २०१३ मध्ये; इमारतीखालून जाणाऱ्या सायकलींच्या मार्गाचा वादही मध्ये आला. आपल्या मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाची दुरुस्ती पाच वर्षे चालली आणि ते २००८ मध्ये खुले झाले. काम अप्रतिम झाले, पण तेवढा काळ गेलाच. लंडनची हेवर्ड गॅलरी तर छतासाठीच बंद होती. तिच्या छतावर ६६ पिरॅमिडच्या आकाराच्या काचा आहेत, त्यांतून चित्रांवर दिवसाचा प्रकाश नीट यावा म्हणून ते काम काढले आणि २०१५ पासून जानेवारी २०१८ पर्यंत दारे बंद राहिली. त्याच गॅलरीत २०१३ मध्ये 'लाइट शो' नावाचे प्रकाशकलेचे मोठे प्रदर्शन झाले होते.

शिवाय हेच प्रदर्शन पुन्हा लागेल, ही समजूत मला पटत नाही. बंद होण्याच्या आधी नेमके प्रकाशाचेच प्रदर्शन का ठेवले, याचा मी विचार केला, तेव्हा माझ्यापुरते उत्तर असे मिळाले. कलादालनात प्रकाश हा एरवी शत्रू असतो. कागदावरच्या जलरंगांना साधारण ५० लक्स (लक्स हे पडणाऱ्या प्रकाशाचे माप) आणि तैलचित्रांना २०० लक्सच्या वर प्रकाश देऊ नये, असा संकेत आहे. दुरुस्तीसाठी संग्रहातली चित्रे आधी हलवावी लागतात, आणि ती एकदा गेली की रिकाम्या खोल्यांत काहीही करता येते: भिंती काळ्या रंगवा, छताला हवी तेवढी भोके पाडा, खिडक्यांना प्लायवूड ठोका, पुढच्या महिन्यात सगळे उखडायचेच आहे. नवे छत, नवा रंग झाल्यावर अशी मुभा कोण देईल? पहिल्या आणि दुसऱ्या दालनांमधल्या बोळात भिंतीवर खडूने फुल्या मारलेल्या दिसतील; त्या कलाकृतीचा भाग नाहीत, तिथली भिंत पाडायची आहे. एक प्रेक्षक त्या फुल्यांचे बराच वेळ फोटो काढत होता.

फलकांची काळजी करू नका. प्रत्येक दालनाबाहेर एकच परिच्छेद आहे. तो आईंना बाहेरच सांगा आणि आत गेल्यावर काही बोलू नका.

निपाणीचे तात्या

वरील लेखकांची माहिती चांगली आहे, पण मला प्रश्न पडतो तो निराळाच. बेळगावहून बेंगळूर सुमारे ५०० किलोमीटर आहे. मोतीबिंदू झालेल्या ७१ वर्षांच्या बाईंना रात्रभर गाडीत बसवून न्यायचे आणि दाखवायचे काय, तर उघडझाप करणारे बल्ब? आमच्या निपाणीपासून कोल्हापूर ४० किलोमीटर. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात आणि अंबाबाईच्या चरणांपासून क्रमाने मुखापर्यंत चढतात. शेकडो वर्षांपूर्वी कोणा स्थपतीने वीज, यंत्र, प्रोजेक्टर यांवाचून ही योजना केली. ज्याला प्रकाशाची कला पाहायची आहे, त्याने ती आधी पाहावी. बेळगावातल्या गणपतीच्या आणि शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रोषणाईत नसलेले असे तिथे काय आहे, हेही कोणी सांगावे. मी हिणवण्यासाठी विचारत नाही. मला खरोखरच समजून घ्यायचे आहे.

शहापूरचा लायटिंगवाला

तात्या, नमस्कार. मी २२ वर्षे मंडळांच्या गणपतीची आणि चित्ररथांची लायटिंग करतो, तेव्हा हे उत्तर मीच द्यायला हवे.

आमच्या माळा चेसरवर पळतात. कोणता दिवा किती वेळाने लागायचा आणि विझायचा हे आधी ठरवून ठेवलेले असते. समोर हजार माणसे असोत की एक कुत्रे, माळ त्याच चालीने पळते. मोठ्या कामाला आम्ही डीएमएक्स कंट्रोलर वापरतो. त्याच्या एका वायरवर ५१२ चॅनल असतात आणि प्रत्येक चॅनलला ० ते २५५ पर्यंत कमीजास्त प्रकाश सांगता येतो. त्या प्रदर्शनातही बहुधा तीच वायर असेल. फरक एवढाच की तिथे आकडा मी बसून भरत नाही, पाहणाऱ्याचे पाऊल किंवा नाडी भरते. ऐकायला फरक लहान आहे, पण मला विचाराल तर सगळा खेळ त्यातच आहे. तुम्ही किरणोत्सवाचे उदाहरण दिले, ते मला फार आवडले, पण त्याच उदाहरणावरून पाहा: तिथे किरणांच्या वाटेत कोणी यायचे नसते. ढग, धूळ, वाटेतली बांधकामे आड आली की किरणे पोहोचत नाहीत, म्हणून माणसाने बाजूला उभे राहून हात जोडायचे. इथे माणूस वाटेत आला तरच चित्र होते. दोन्हींची तुलना करून एक मोठे, एक लहान ठरवण्यात अर्थ नाही.

बाई, तुमच्यासाठी काही कामाच्या गोष्टी. हालचाल ओळखण्याचे दोन प्रकार सर्रास वापरतात. एक पीआयआर सेन्सर, जो हल्ली जिन्यातल्या दिव्यालाही असतो. माणसाच्या अंगातून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांमध्ये बदल झाला की तो जागा होतो, म्हणजे निश्चल उभ्या माणसाला तो थोड्या वेळाने विसरतो. आईंना सांगा की दिवे मंद झाले तर घाबरू नका, हात जरा हलवा. दुसरा प्रकार अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्याचा. २०१० मध्ये व्हिडिओ गेमसाठी किनेक्ट नावाचे स्वस्त यंत्र आले, तेव्हापासून कलाकारांनी तो फार वापरला. तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश फेकतो आणि परत आलेल्या प्रकाशावरून कोण कुठे आहे ते काढतो. काही काळी कापडे हा प्रकाश पिऊन टाकतात, तेव्हा काळा ड्रेस घालून जाऊ नका. प्रोजेक्टरच्या खोलीत तर पांढराच कपडा हवा, कारण काळ्या कपड्यावर पडलेला प्रकाश वाया जातो आणि पांढऱ्यावर पडलेला उठून दिसतो. आईंचे फिकट रंगाचे लुगडे असेल तर उत्तम. तात्या, तुम्ही धोतर, पैरण आणि पांढरी टोपी घालून गेलात तर त्या खोलीतला सर्वांत मोठा पडदा तुम्हीच ठराल.

चौथ्या खोलीतले रहस्य बेंगळूरच्या साहेबांनी झाकून ठेवले आहे, तेव्हा मीही उघडत नाही. मात्र परत आल्यावर तोच प्रयोग वर्गात करायचा झाल्यास कळवा, खर्च फार नाही.

चिकोडीची सिस्टर

मी रुग्णालयात परिचारिका आहे. इतरांनी पाहण्याविषयी लिहिले, मी फक्त दोन्ही पाहुण्यांच्या प्रकृतीविषयी लिहिते.

प्रथम मुलाविषयी. फिट येणाऱ्या सर्वांनाच लखलखत्या प्रकाशाचा त्रास होतो असे नाही. अपस्माराच्या शंभर रुग्णांपैकी साधारण तिघांनाच तो होतो. परंतु हे प्रमाण लहान मुलांत आणि किशोरवयात अधिक असते, म्हणून तुमचा प्रश्न योग्यच आहे. धोका तेजापेक्षा उघडझापीच्या वेगात असतो. सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा लखलखणारा प्रकाश टाळावा, असा संकेत दूरचित्रवाणीसाठीही आहे, आणि सर्वाधिक त्रास सेकंदाला १६ ते २५ वेळा होणाऱ्या लखलखाटाने होतो. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी दूरचित्रवाणीवरील एका कार्टूनमध्ये तांबडा आणि निळा प्रकाश वेगाने आलटूनपालटून दाखवला गेला आणि त्या संध्याकाळी सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते.

या हिशेबाने नाडीच्या ठोक्याने उघडझाप करणारा एक बल्ब चिंतेचा नाही, कारण नाडी मिनिटाला ७० ते १०० असते, म्हणजे सेकंदाला एक किंवा थोडे अधिक. पण दुसऱ्या दालनात अनेकांचे ठोके एकाच वेळी निरनिराळ्या बल्बांवर चालू असतात आणि त्यांची बेरीज मुलाच्या डोळ्यांत होते. त्यामुळे दोन गोष्टी करा. ज्या डॉक्टरांनी औषध बंद केले त्यांना विचारल्याशिवाय मुलाला नेऊ नका. त्याचा ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख, काढताना लखलखत्या दिव्याची चाचणी झाली होती का आणि तिचे उत्तर काय आले, हे त्यांच्या कागदांत असेल. दुसरे, दालनाला फोन करून 'स्ट्रोब, म्हणजे वेगाने लखलखणारा दिवा, आहे का' असे सरळ विचारा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही तो रात्रभराच्या प्रवासाने न झोपलेला, उपाशी असा आत जाऊ नये, कारण अपुरी झोप हे फिट येण्याचे एक मोठे कारण आहे. तात्यांनी रात्रीच्या गाडीविषयी शंका घेतली, ती या अर्थाने खरी आहे. सकाळी उतरून थेट दालनात न जाता दुपारपर्यंत त्याला झोपू द्या. आत असताना त्याला अस्वस्थ वाटू लागले, तर लगेच एका डोळ्यावर तळहात घट्ट ठेवून बाहेर आणायचे. दोन्ही डोळे नुसते मिटून घेणे पुरेसे नसते, कारण पापणीतून प्रकाश आत येतच राहतो.

आईंच्या बाबतीत भीती प्रकाशापेक्षा काळोखाची आहे. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि वयानुसार हा वेळ वाढतो. दारातून आत शिरल्यावर भिंतीला हात लावून त्यांना तीन-चार मिनिटे तरी उभे राहू द्या, मग पुढे न्या. अशा खोल्यांत लोक पडतात ते पहिल्या दहा पावलांत. ज्या डोळ्याची शस्त्रक्रिया व्हायची आहे, त्या डोळ्याला प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसेल आणि झगमगाट अधिक जाणवेल. त्यात धोका काही नाही, पण त्यांना आधी सांगून ठेवा. एक गंमत करून पाहा: एकेक डोळा झाकून त्यांना रंग विचारा. पिकलेल्या मोतीबिंदूतून निळा रंग मळकट, पिवळसर दिसतो आणि शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याने तोच स्वच्छ निळा दिसतो. दम्याचा त्रास असेल तर धुक्याच्या खोलीत फार वेळ थांबू नका. पेसमेकर असणाऱ्या कोणीही ती धातूची मूठ धरण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्यांना विचारावे.

खानापूरची चित्रकला शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. मंगळवारची रजा मिळाली, आम्ही जाऊन आलो आणि उत्तरे देणाऱ्यांना वृत्तान्त कळवणे माझे कर्तव्य आहे.

डॉक्टरांनी भाच्याचा जुना ईईजी पाहून परवानगी दिली, पण दुसऱ्या दालनात पाच मिनिटांपेक्षा अधिक थांबू नये असे सांगितले. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने सकाळी उतरलो, नातलगांकडे दुपारपर्यंत झोप काढली आणि तीन वाजता पोहोचलो. आम्ही धरून आत अकरा माणसे होती.

आईविषयी माझे सगळे अंदाज चुकले. तिला तरंग आवडतील असे वाटले होते. तिने ते 'घाटावरच्यासारखे आहे' एवढे म्हणून सोडून दिले. बल्बच्या खोलीत तिने मूठ धरली, दिवा लागला, आणि 'डॉक्टरांकडे हेच करतात' असे म्हणून ती बाहेर आली. पिवळ्या खोलीत मात्र ती रमली. तिने आपले हिरवे काचेचे बिलवर पुन्हा पुन्हा फिरवून पाहिले आणि ते काळे दिसतात म्हटल्यावर बाहेर उजेडात जाऊन खात्री करून परत आत आली, असे तीन वेळा केले. तिसऱ्या खेपेला बोळातल्या छताकडे तिचे लक्ष गेले. तिथे ओलीचा मोठा डाग आहे. तिने तिथल्या रखवालदाराला कन्नडमध्ये, हे पाणी डागाच्या वरून नाही, पलीकडच्या पन्हाळीतून येते, आमच्या खानापूरच्या घरात पंचवीस पावसाळे असेच गळत होते, असे समजावले. तो हसला, आणि साहेबांनीही नेमके हेच शोधून काढायला दोन वर्षे घेतली असे म्हणाला. त्यानंतर त्याने आम्हाला एक बंद काचेचे धाबे प्लायवूडच्या फटीतून दाखवले. फलक वाचून दाखवण्याची वेळ आली ती एकदाच.

चौथ्या दालनाविषयी आता लिहायला हरकत नसावी. पांढऱ्या भिंतीसमोर तीन दिवे शेजारी शेजारी लावलेले आहेत, लाल, हिरवा आणि निळा. तिघांचा प्रकाश एकत्र पडल्याने भिंत पांढरीच दिसते. आपण मध्ये उभे राहिलो की तीन सावल्या पडतात आणि एकही काळी नसते. लाल अडवला तिथे मोरपंखी, हिरवा अडवला तिथे राणी रंग, निळा अडवला तिथे पिवळा. दोन सावल्या एकमेकींवर आल्या तिथे उरलेला एकच दिवा दिसतो, आणि तिन्ही एकत्र आल्या तिथेच काय ते काळे. लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो हे मी १४ वर्षे वाचून दाखवत आले. मुलांच्या चेहऱ्यावरचा अविश्वास मला दिसत असे आणि खरे सांगायचे तर तो माझ्याही मनात होता, कारण माझ्या पॅलेटवर लाल आणि हिरवा मिसळून नेहमी मातकट तपकिरीच झाला आहे. भाच्याने पाच बोटे पसरली आणि भिंतीवर पंधरा बोटे उमटली. तो तिथून हलेना, म्हणून शेवटी त्याला 'गाडी चुकेल' असे खोटेच सांगावे लागले.

शहापूरच्या लायटिंगवाल्या दादांना एक प्रश्न आहे. परत आल्यावर मी वर्गात तीन साधे पांढरे बल्ब घेतले, त्यांना लाल, हिरवा आणि निळा जिलेटिन कागद लावला आणि भिंतीपासून आठ फुटांवर एका बाकावर ठेवले. सावल्या रंगीत पडतात, मुले वेडी झाली आहेत, पण भिंत पांढरी होत नाही. ती पिवळट दिसते आणि मोरपंखी सावली हिरवट होते. माझे काय चुकते?

शहापूरचा लायटिंगवाला

बाई, तुमचे काही चुकत नाही. निळा जिलेटिन कागद प्रकाश फार खातो, त्यामुळे भिंतीवर लाल आणि हिरवा जास्त पडतो आणि त्यांचा मिळून पिवळा दिसतो. निळा बल्ब आहे तिथेच राहू द्या आणि बाकीचे दोन एकेक फूट मागे सरकवत भिंतीकडे पाहा. पांढरी झाली की थांबा. तरीही निळा कमीच पडला, तर कागद न लावता ९ वॅटचे रंगीत एलईडी बल्बच घ्या, बेळगावात गणपत गल्लीच्या आसपास विजेच्या सामानाच्या दुकानांत मिळतात. आणि कागद बल्बला चिकटवू नका, चार बोटे अंतर ठेवा, नाहीतर तो वितळेल.